३० मिलिमीटरचा रुबाब

आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमधून जीप बाहेर काढायला मला सात वेळा पुढे-मागे करावं लागायचं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर स्प्रिंगच्या पाट्यांना घासायचा आणि असा काही आवाज निघायचा, की तळमजल्यावरच्या आजी पूजा अर्धवट टाकून खिडकी लावायला उठायच्या. दोष जीपचा नव्हता. ती महिंद्राची जुनी सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटची, माझ्याहून वयानं मोठी. तिला मुळात ६.००-१६ मापाचे किडकिडीत टायर होते आणि त्यांच्यावर तिचा संसार नीट चालला होता. मीच हौसेनं २३५ मिलिमीटर रुंदीचे चढवले. मला ती रणगाड्यासारखी दिसायची. बायको म्हणाली, "नऊवारी नेसून गमबूट घातल्यासारखी दिसतेय."

उपाय सोपा होता, जुने टायर परत बसवणं. म्हणूनच तो मला पटला नाही. मी स्पेसर बसवायचं ठरवलं.

स्पेसर म्हणजे हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा गोल भाग) आणि चाक यांच्यामध्ये बसणारी ॲल्युमिनियमची जाड चकती. तिच्या पाच भोकांतून हबचे पाच स्टड, म्हणजे आटे पाडलेल्या खुंट्या, बाहेर येतात, त्यांवर नट आवळून चकती हबला पक्की करायची. चकतीला स्वतःचे वेगळे पाच स्टड असतात, त्यांवर चाक चढवायचं. चकती ३० मिलिमीटर जाड असली की चाक तेवढं बाहेर सरकतं, टायर पाट्यापासून सुटतो, आणि दोन्ही बाजू धरून गाडी ६० मिलिमीटर रुंद दिसते. ही शेवटची गोष्ट माझ्या मनात पहिली होती. पण असल्या गोष्टी घरात बोलायच्या नसतात.

माझ्या जीपसाठी म्हणून बनवलेले स्पेसर काही मिळेनात. मग मी मारुती जिप्सीची पत्रिका काढली. दोघींच्या चाकांना पाच-पाच स्टड. ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास दोघींचा १३९.७ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच. मधलं भोकही दोघींचं १०८ मिलिमीटरच्या आसपास. एवढे गुण आमच्या लग्नातसुद्धा जुळले नव्हते. मी जिप्सीचे चार स्पेसर मागवून टाकले. नाडी बघायची तेवढी राहिली. गाड्यांच्या पत्रिकेत नाडी म्हणजे आटे.

रविवारी सकाळी जुना लेंगा घालून मी पुढच्या डाव्या चाकापाशी बसलो. जॅक लावण्याआधी चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे असतात, एवढं मला ठाऊक होतं आणि एवढंच ठाऊक होतं. एरवी पंक्चर निघालं की चाक काढायचं काम पंक्चरवाल्याचं आणि टपरीवर चहा पिण्याचं काम माझं. पाना लावला, जोर केला. नट हलेना. पान्यावर उभा राहिलो. हलेना. वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीत दात घासत होते, ते ब्रश हातात धरून म्हणाले, "पाइप लाव पाइप, पाइपानं हत्ती हलतो." मी पान्याच्या दांडीत नळाचा तीन फुटी पाइप अडकवला आणि त्यावर सगळं वजन टाकलं.

'कट्ट.'

नट सुटला खरा, पण तुटलेला अर्धा स्टड पोटात घेऊन. मी तो तुकडा तळहातावर घेऊन बघत बसलो. वरचा गंज आणि रंगाचे थर नखानं खरवडले तेव्हा टोकावर इंग्रजी 'एल' कोरलेला दिसला. मला वाटलं, एल म्हणजे लूज.

मिस्त्री आले ते दुपारी. त्यांनी तुकडा बघितला, माझ्याकडे बघितलं, पाइपाकडे बघितलं. "साहेब, किती येळ आवळत होतासा?"

"सोडवत होतो."

"आवळत होतासा." त्यांनी पाना उलटा फिरवला आणि उरलेले चार नट, डब्याचं झाकण काढावं तसे, काढून माझ्या हातात दिले. पुढे जाताना चाक ज्या दिशेनं फिरतं, त्या फिरण्यानं डावीकडचे नट सैल होऊ नयेत म्हणून या जुन्या जीपना डाव्या बाजूला उलटे आटे देत. एल म्हणजे लेफ्ट. सकाळभर मी जीपचे नट मन लावून घट्ट करत होतो.

मग मिस्त्रींनी स्पेसर हातात घेऊन फिरवून बघितला. "जिप्सीचा माल? ठीक हाय. मामाचीच पोरगी म्हणायची." आणि नात्यातलं स्थळ म्हणून त्यांनीही नाडी बघितली नाही. तुटका स्टड मिळेपर्यंत उजवी बाजू उरकू म्हणाले. स्पेसरबरोबर आलेले नट हबच्या स्टडवर चढेनात. "चायना," एवढंच बोलून त्यांनी ते बाजूला टाकले आणि जीपचेच जुने नट लावून स्पेसर हबला आवळला. चाकासाठी त्यांनी आपल्या डब्यातून जीपचे आणखी पाच नट काढले. ते स्पेसरच्या नव्या स्टडवर इतके सुळकन गेले की बोटानंच बसले. "बघा, लोण्यात सुरी," मिस्त्री म्हणाले. मी खूश. सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी सरळ होत होतं.

तेवढ्यात त्यांच्या हाताखालच्या पोरानं, सहज चाळा म्हणून, अर्धवट चढलेला एक नट दोन बोटांत धरून हलवला. टिक-टिक, टिक-टिक. नट स्टडवर डोलत होता, पडायला आलेल्या दातासारखा.

"मिस्त्री, ह्यो हालतोय."

सगळे गप्प. मिस्त्रींनी खिशातून जाडी मोजायचं व्हर्निअर काढलं. (त्यांच्या खिशात व्हर्निअर असतं आणि माझ्या खिशात बिलं, हाच आमच्यातला फरक.) जीपचा स्टड अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटर, इंचाला २० आटे. जिप्सीचा स्टड १२ मिलिमीटरचा, एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर १.२५ मिलिमीटर. इंचाला २० म्हणजे १.२७. पिच, म्हणजे हे अंतर, जवळजवळ तीच, जाडी वेगळी. जीपचा नट जिप्सीच्या स्टडवर गोड गोड चढतो, आट्याला आटा जेमतेम टेकतो, आणि खरा ताण आला की आटे सोलून मोकळा. मख्खन बसला म्हणून मी ज्याचं कौतुक करत होतो, तो नट बहुधा पन्हाळ्याच्या पहिल्या चढावर मला सोडून गेला असता. तेव्हापासून काहीही फार सहज बसलं की मी दोन बोटांनी हलवून बघतो. परवा जावयाचं स्थळ बघायला गेलो तिथेही हात शिवशिवत होते.

उत्तर जमिनीवरच पडलं होतं. जीपचे नट आत हबवर, आणि 'चायना' म्हणून टाकलेले नट बाहेर चाकावर. पण जीपचे नट उंच. स्पेसरच्या खळग्यात बसवले की डोकी वर यायची आणि त्यांच्यावर चाक सपाट बसायचं नाही. शिवाय खळगा इतका अरुंद की मिस्त्रींचा सॉकेट आत शिरेना.

मग आमची वरात उद्यमनगरात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लोखंडाचं काहीही करून मिळतं, फक्त घाई करायची नाही. लेथवाल्यानं वीस नट एकेक करून चकमध्ये धरले आणि प्रत्येकाची चार मिलिमीटर उंची उतरवली. निळसर चुरा स्प्रिंगसारखा वेटोळं होत खाली पडत होता आणि तापलेल्या तेलाचा वास सुटला होता. सॉकेटची भिंतही त्यानं बाहेरून उतरवून पातळ केली. उलट्या आट्यांचे नट बघून त्यानं मशीन थांबवलं आणि बाजूच्या दोघांना बोलावून दाखवले. एवढा मान मला त्या गल्लीत पूर्वी कधी मिळाला नव्हता. उलट्या आट्यांचा स्टड मात्र कुठेच मिळाला नाही. शेवटी दुकानदारानं सुलटा दिला, "आतच ऱ्हाणार हाय, कोण बघतंय?" म्हणाला. त्यामुळे माझ्या पुढच्या डाव्या चाकात सध्या चार डावे आणि एक उजवा अशी आघाडी आहे. अजून टिकली आहे.

स्पेसर बसले. टायर पाट्यांपासून सुटले, आजींची पूजा निर्विघ्न पार पडू लागली. जीप रुंद दिसते का, हे मी घरात तीन वेळा विचारलं आणि तिन्ही वेळा "कुठे?" असं उत्तर आलं. चाकं मडगार्डच्या बाहेर आल्यामुळे रस्त्यावरचा चिखल आता थेट माझ्या मांडीवर येतो, कारण या गाडीला दारं नाहीत. चाक बाहेर सरकलं की खड्ड्याचा हिसकाही वाढतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत म्हणजे प्रत्येक खड्डा आपला हात धरून "बसा हो जरा" म्हणतो. वकील असलेल्या मेहुण्यानं १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचायला पाठवलं, गाडीत परस्पर फेरफार करण्याबद्दलचं. मी अंगठा दाखवला आणि विषय बदलला.

मिस्त्रींनी बजावलं होतं की ५०-८० किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळायचे. आतले नट तपासायचे तर बाहेरचे काढायचे, म्हणजे नट बघायला नट सोडायचे. म्हणून मी गगनबावड्याची वाट धरली, साधारण ५५ किलोमीटर. कळे मागे पडलं, साळवण मागे पडलं, पाऊस भुरभुरत होता, आणि मग पुढचं डावं चाक फस्स झालं.

पुढे पंक्चरचं दुकान होतं, तिथपर्यंत रडतखडत गेलो. पंक्चरवाले म्हातारे होते. बनियन, कपाळाला अबीर. जीप बघून त्यांचा चेहराच उजळला. बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले, "थ्री-बी! लय दिसानं बघितली." मी विरघळलो. टपरीवर दोन चहा सांगायला निघालो.

मागून त्यांचा आवाज आला, "हिची गंमत तुमाला ठाव नसंल साहेब. डावीकडचं आटं उलटं अस्त्यात. नवी पोरं फसत्यात."

मी गर्रकन वळलो. त्यांनी पाना लावला होता, दांडीत पाइप अडकवला होता, आणि चाळीस वर्षांच्या अनुभवासह सगळं वजन पाइपावर टाकत होते.

"बाबा, थांबा! ते बाहेरचे नट जिप्सी—"

'कट्ट.'