डाखाचं प्रमाण सांगितल्याने धंदा बुडत नाही

सराफ्यात कुणालाही विचारून बघा, "डाख कशाचा बनवता?" समोरचा हसेल, चहा मागवेल, घरच्यांची चौकशी करेल, पण दागिन्याचे सांधे जोडायच्या या मिश्रधातूचं प्रमाण काही सांगणार नाही. मी इंदूरला घरीच चांदीचे दागिने घडवते. ठुशी, बुगड्या, जोडवी, क्वचित एखादी चिंचपेटी. सोनाराच्या घरात काही मी जन्मले नाही, त्यामुळे असे पुष्कळ चहा प्यायले आहेत. आता स्पष्टच लिहिते: ही लपवाछपवी कारागिराच्या काडीच्या कामाची नाही.

"घराण्याचं गुपित" म्हणून जे राखलं जातं, त्यातलं बहुतेक आगीचं आणि धातूचं साधं वागणं असतं. ९२.५ ची चांदी तापवली की तिच्यावर लालसर-करडे डाग येतात. नवीन माणसाला वाटतं वर मळ बसलाय. तो पॉलिश करत सुटतो, डाग एका जागी पुसट होतो आणि शेजारी उमटतो. कारण तो मळ नाहीच. उरलेल्या साडेसात टक्क्यांतलं तांबं पृष्ठभागाच्या आत जळलेलं असतं. उपाय म्हणजे तापवण्याआधी टाकणखाराचा (बोरॅक्सचा) लेप सगळ्या अंगाला द्यायचा, नुसता सांध्याला नाही, आणि आच रेंगाळू द्यायची नाही. तरीही डाग आलाच तर तापवा, आंबटात, म्हणजे पातळ आम्लात टाका, घासा, पुन्हा तापवा. दर फेरीला वरचं तांबं निघून शुद्ध चांदीचा पातळ थर वर येत जातो. हे इंदूरला जसं, तसंच कोल्हापूरकडच्या हुपरीत आणि चांदीच्या तारेचं नाजूक काम करणाऱ्या कटकच्या तारकशीवाल्यांकडे. यात कुणाच्या आजोबांचा खास हात नाही!

मला हे सांगितलं हुपरीच्या एका ताईंनी, फोनवर. आमची आजवर गाठ पडलेली नाही. मी फोटो पाठवला, त्यांनी बघूनच ओळखलं आणि वर दटावलं, "अहो, पुसताय काय नुसतं?" मी नंतर विचार केला, माझ्या गावात जे कुणी सांगितलं नाही ते या बाईंनी का सांगावं? उत्तर सोपं आहे. सराफ्यातल्या शेजाऱ्याचं गिऱ्हाईक आणि माझं गिऱ्हाईक एकच. त्याने तोंड उघडलं तर उद्या त्याची ऑर्डर माझ्याकडे यायची, निदान त्याला तसं वाटतं. हुपरीच्या ताईंचं माझ्यामुळे काहीच जात नाही. एका गल्लीतले लोक जे बोलत नाहीत, ते चार गावांत पांगलेले मोकळेपणाने बोलतात. म्हणून दागिने घडवणाऱ्यांचा असा लांबलांबचा गोतावळा मला गल्लीपेक्षा मोलाचा वाटतो. माझ्यासारख्या घरी काम करणाऱ्या बायकांना तर गल्लीही नसते. सराफ्याची गल्ली दुपारी गिऱ्हाइकांची, रात्री खाऊच्या गाड्या लागल्या की खवय्यांची, आणि माडीवरच्या कारखान्यात सगळे पुरुष. तिथे बाईने जाऊन "मला फुंकणी धरायला शिकवा" म्हणायची सोय कुठे आहे?

विद्या पुढे पोचली नाही की तिचं काय होतं, याचं उदाहरण इटलीत आहे. तिथले एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधीच्या लोकांतले, सोनार अडीच हजार वर्षांपूर्वी सोन्यावर खसखशीपेक्षा बारीक रवे बसवत, आणि डाख कुठे दिसतही नसे. पुढे ती कला तिथे लोपली. एकोणिसाव्या शतकात रोमच्या कास्तेलानी सराफांनी नक्कल करण्यासाठी खूप धडपड केली, तरी जुन्याची सर आली नाही. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये लिटलडेल नावाच्या माणसाने उलगडा केला: तांब्याचा क्षार डिंकात कालवायचा, त्याने रवे चिकटवायचे आणि तापवायचं. डिंकाचा कोळसा होतो, क्षारातलं तांबं सुटं होतं आणि जिथे रवा टेकलाय तेवढ्याच जागी सोनं आधी वितळतं. बस, एवढंच! एवढं पुन्हा कळायला किती शतकं गेली बघा.

आता नेहमीचा आक्षेप. "सांगितलं की लोक नक्कल करतात." करतात ना. पण नक्कल होते घाटाची, आणि ती तर दुकानातला फोटो बघूनही होते. त्यासाठी डाखाचं प्रमाण लागत नाही. माझा नवा घाट मीही बाहेर पडेपर्यंत कुणाला दाखवत नाही, गिऱ्हाइकाचं नाव तर कधीच नाही. तेवढं राखावं. रीत राखू नये.

आणि धोका तर मुळीच राखू नये. ठुशीचा पोकळ मणी दोन वाट्या जोडून होतो. त्याला भोक न ठेवता डाख दिला तर आतली हवा तापून मणी फुटतो, थेट तोंडासमोर. कॅडमियमचं तर याहून वाईट. ज्या केडीएम दागिन्यांचं एके काळी एवढं कौतुक होतं, त्याच्या डाखात कॅडमियम असतं. ते ७६७ अंशांना उकळतं, म्हणजे डाख वाहायला लागेपर्यंत त्याचा धूर झालेला असतो. बसल्या जागी काही वाटत नाही. काही तासांनी कणकण येते, छाती भरते, माणूस म्हणतो हवा बदलली. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं मात्र त्यात जातात. चांदीच्या लवकर वितळणाऱ्या जुन्या डाखांतही ते असायचं. बंद माडीवर तोंडाने फुंकणी मारणाऱ्या पोराला हे कुणी सांगायचं? मालक सांगत नसेल तर दुसऱ्या कारागिराने सांगितलंच पाहिजे.

मजुरीचंही तेच. एकाच घाटाच्या कामाला दोन कारागिरांना वेगळी मजुरी आणि वेगळी घट (कामात वाया जाणाऱ्या धातूची वजावट) लावली जाते. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत म्हणूनच ते चालतं. या गुपिताचा फायदा कुणाला होतो ते सांगायला नको. इंदूरचा दागिना म्हटलं की लोक तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १९१३ साली पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्याकडून घेतलेल्या हिऱ्यांच्या गोष्टी सांगतात. घेणारा आणि विकणारा लोकांना पाठ असतात, घडवणाऱ्याला दर विचारायचीही चोरी.

असो. इतकं लिहून मीच प्रमाण लपवलं तर लोक हसतील. तर घ्या: दोन भाग शुद्ध चांदी, एक भाग पितळ. चांदी आधी पूर्ण वितळू द्या, टाकणखाराची चिमूट टाका, पितळ सगळ्यात शेवटी, आणि ते विरघळलं की लगेच ओता. जास्त वेळ तापवलं तर पितळेतलं जस्त धूर होऊन उडतं आणि डाख लवकर वितळेनासा होतो. खिडकी उघडी ठेवा. ओतलेल्या डाखाची पट्टी चेपताना चिरायला लागली तर मधेच तापवून मऊ करून घ्या. ज्यांचं प्रमाण वेगळं आहे त्यांनी खाली लिहा, मी करून बघीन.