हेल्मेटला तडा गेलाय? मग फेविक्विक खाली ठेवा

‘हेल्मेट फुटलं म्हणून दीड हजार घालवू नका, पन्नास रुपयांत घरीच दुरुस्त करा’ असा एक मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. तड्यात फेविक्विक आणि खाण्याचा सोडा, आतलं थर्माकोल सैल झालं तर रबरी गोंद, पट्ट्याचा रिव्हेट निघाला तर एम-सील, काचेला फेविक्विक, आणि शेवटी ‘आयएसआयचा छाप शाबूत आहे ना, मग पोलीस काही करू शकत नाहीत’. हा मेसेज माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला आणि पठ्ठ्याने त्यातलं अर्धं करूनही टाकलं. “मावशी, बघ, कळतंय का कुठे तडा होता ते?” नाही कळत. म्हणून तर लिहायला बसलेय.

आधी त्या तड्याचं बघू. सोडा टाकला की फेविक्विक झटकन आवळतं, चांगलंच तापतं आणि टणक गठ्ठा तयार होतो, हे खरं आहे. बादलीच्या फुटक्या कडेला चालेल ते. पण ‘दगडासारखं घट्ट’ ही ज्याची जाहिरात आहे, ते हेल्मेटमध्ये कुठल्याच कामाचं नाही. बाहेरचं कवच धक्का एका ठिकाणी साचू न देता पसरवतं. त्याच्या आत ३-४ सेंटिमीटर जाडीचं दाट थर्माकोल असतं, कंपनीवाले त्याला ईपीएस म्हणतात. डोकं आपटलं की हे थर्माकोल चिरडतं, आणि ते चिरडत असताना डोक्याला थांबायला काही सहस्रांश सेकंद जास्त मिळतात. तेवढ्यावरच मेंदूला किती मार बसणार ते ठरतं. एकदा चिरडलेलं ईपीएस पुन्हा फुगत नाही. म्हणजे पडल्यामुळे कवचाला तडा गेला असेल, तर त्या जागचं थर्माकोल आपलं काम करून संपलेलं असण्याचीच शक्यता जास्त. वरून तडा बुजवून तुम्ही फक्त खूण पुसता. पुढचा मार तिथेच बसला तर चिरडायला आत काही उरलेलं नसतं.

आता थर्माकोलला रबरी गोंद लावायचा सल्ला. मेसेजातली सगळ्यात घातक ओळ हीच आहे. भाच्याच्या हेल्मेटची गादी मी स्वतः काढून पाहिली. कानाच्या वर, जिथे त्याने चपलेला लावतात तो पिवळा गोंद चोपडला होता, तिथे थर्माकोल वितळून खड्डा पडला होता. अंगठा आरामात बसेल एवढा. कडा चिकट, दाणे एकमेकांत विरघळून आकसलेले. गादी परत बसवली की बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. असल्या गोंदात टोल्युइनसारखी द्रावणं असतात आणि ती थर्माकोल खातात. खात्री करायची असेल तर टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलच्या तुकड्यावर नेलपॉलिश रिमूव्हरचा थेंब टाका, ॲसिटोनवालं असेल तर डोळ्यांदेखत भोक पडेल. बंदी येण्याआधी ज्यांनी गणपतीची थर्माकोलची मखरं केली आहेत त्यांना हे कुणी सांगायला नको, ते लोक पांढऱ्या फेविकॉलशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नसत.

कवच पॉलिकार्बोनेटचं (एक टणक प्लास्टिक) असेल तर त्यालाही असल्या द्रावणांचं वावडं आहे. ताणाखाली असलेल्या जागी, स्क्रूभोवती वगैरे, बारीक चिरा पडत जातात.

हे माझं घरगुती ज्ञान नाही. अमेरिकेत हेल्मेटसाठी एफएमव्हीएसएस २१८ हा केंद्रीय नियम आहे. प्रत्येक हेल्मेटवर कायमची चिकटवायची सूचनाच त्यात दिली आहे. तिचा आशय असा: नेहमीच्या वापरातल्या काही पदार्थांनी हेल्मेटचं गंभीर नुकसान होऊ शकतं आणि ते वापरणाऱ्याला दिसत नाही, कंपनीने सांगितलेलेच क्लीनर, रंग, गोंद लावा, कसलाही बदल करू नका, जोराचा मार बसला तर तपासायला कंपनीकडे पाठवा, नाहीतर नष्ट करून नवीन घ्या. गोंदाचा उल्लेख त्यात नाव घेऊन आहे. अमेरिकेचा नियम इथे कशाला, असं म्हणू नका. प्लास्टिक आणि थर्माकोल तिथे जसं विरघळतं तसंच इथेही विरघळतं.

पट्ट्याला एम-सील लावा म्हणणाऱ्यावर तर मला संतापच येतो. त्याच नियमाप्रमाणे हनुवटीच्या पट्ट्यावर जवळजवळ १३६ किलोंचा भार दोन मिनिटं देऊन बघतात. म्हणून तर तो रिव्हेटने ठोकलेला असतो. पट्टा सुटला की हेल्मेट पहिल्याच आपटीत डोक्यावरून उडून जातं, मग त्याचं कवच कितीही महागाचं असो. रिव्हेट निघाला की ते हेल्मेट संपलं.

काचेला फेविक्विक लावलं तर त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरट थर चढतो आणि रात्री समोरून दिवे आले की काही दिसत नाही. वेगळी काच विकत मिळते, ती बदला.

पोलिसांचं म्हणाल, तर आयएस ४१५१ चा (हेल्मेटच्या भारतीय मानकाचा) छाप कारखान्यातून निघालेल्या हेल्मेटसाठी असतो, तुम्ही लिंपलेल्यासाठी नाही. दंड वाचेलही कदाचित. हेल्मेट त्यासाठी घालत नाहीत.

एक मान्य करावंच लागतं. ‘पडलं की बदला’ म्हणण्यात कंपन्यांचा फायदा आहे, आणि गाडीच्या सीटवरून रिकामं हेल्मेट खाली पडलं म्हणून ते दर वेळी बाद होत नाही. आत डोक्याचं वजन नसतं, त्यामुळे थर्माकोल सहसा चिरडत नाही. गादी काढून नीट बघा, बोटाने दाबून बघा. गादीचं कापड उसवलं असेल तर शिवून घ्या. कडेची रबरी पट्टी सुटली असेल, तर कंपनीला कुठला गोंद चालतो ते विचारून तोच आणि तेवढाच लावा. बास. याच्यापलीकडे गोंदाचं काम नाही.

भाच्याला नवीन हेल्मेट घेऊन दिलं. हजार-बाराशेत आयएसआयचं मिळतं. जुनं टाकताना मात्र पट्टे कात्रीने कापून टाका आणि कवचावर मार्करने मोठी फुली मारा. नाहीतर भंगारातून ते पुसूनपासून पुन्हा फुटपाथवर विकायला येतं आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर बसतं.