स्कॅनर आहे का?

माझी काकू साताऱ्यात भाजी विकते, तीस वर्षं झाली. नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या तेव्हा जो तो म्हणायचा आता सगळं मोबाईलवर येणार. काकूने दोन महिने वहीत लिहून उधारीवर भाजी दिली आणि नव्या नोटा आल्या की परत रोख सुरू. त्यामुळे नोटाबंदीने लोक डिजिटल झाले हे मला अर्धंच पटतं. यूपीआय त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेलं, डिसेंबरअखेर भीम ॲप पण आलं, काकूपर्यंत पोचायला मात्र पाच वर्षं गेली.

आणि पोचलं ते शेजारच्या कांदेबटाटेवाल्यामुळे. त्याने कोड लावला आणि गिऱ्हाईक काकूला विचारायला लागलं, स्कॅनर आहे का? नाही म्हटलं की चाललं शेजारी. मग चुलतभावाने लावून दिला, कमिशन पण कापत नाहीत म्हणून तिला पटलं. पण पैसे आले हे कळणार कसं? हात मातीचे, चष्मा घरी, गिऱ्हाईक स्क्रीन दाखवून निघून जायचं. एकाने जुना स्क्रीनशॉट दाखवून दीडशेची भाजी नेली, त्या दिवशी तिने तो कोड काढून पोत्याखाली टाकला.

परत लावला तो बोलणारा डबा आल्यावर. "चाळीस रुपये प्राप्त झाले" असं मराठीत, मोठ्याने, आजूबाजूच्या चार जणांना पण ऐकू जाईल असं. माझं स्पष्ट मत आहे, कॅशबॅकने माणूस एकदा ॲप उघडतो पण रोज वापरतो ते भरवसा बसला तरच, आणि काकूचा भरवसा कानावर आहे. साध्या बटणाच्या फोनसाठी मार्च २०२२ मध्ये यूपीआयचंच १२३पे आलंय, चांगली सोय आहे, पण आमच्या आळीत कोणीच वापरत नाही म्हणून कोणीच वापरत नाही!

तरी काकू फक्त पैसे घ्यायची, द्यायची नाही, अडत्याला रोखच. पिनची भीती. मी तिला एकच गोष्ट दहादा सांगितली, पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. घरातल्या पोरांनी न चिडता एवढं तरी सांगा हो म्हाताऱ्या माणसांना.

परवा तिचा फोन आला, अडत्याला पाठवतेय, पिन टाकू का? म्हटलं आधी नाव वाच. तिने एकेक अक्षर लावत पूर्ण नाव वाचलं, मग म्हणाली, हां, त्याचंच आहे.