दोन खांब आणि दहा किलो वाळू

'बुकशेल्फ स्पीकर' या नावातला पहिला शब्द धडधडीत खोटा आहे. हे मला स्पीकर घरी आल्यावर कळलं. पुस्तकांच्या कपाटात बसतील, जागा अडणार नाही, या बोलीवर तर बायकोने होकार दिला होता! आम्ही ते दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये शब्दकोशाचे खंड हलवून बसवले आणि मी ख्याल लावला. तानपुरे सुरू झाले तशी शोकेसची काचही सुरू झाली. तानपुऱ्याच्या तारेला झणकार यावा म्हणून काढतात तशी जवारी काचेला कुणी काढून दिली होती कोण जाणे, पण गवय्याच्या षड्जाला ती अशी काही झणझणायची की गवय्यापेक्षा साथ वरचढ.

शिवाय या स्पीकरांना पाठीमागे एक भोक असतं. खर्जाची हवा तिथून बाहेर पडते. भोक भिंतीला चिकटलं की तो खर्ज फुगतो आणि तबल्याचा डग्गा शेजारच्या फ्लॅटमध्ये कपाट सरकवल्यासारखा ऐकू येतो. म्हणजे स्पीकर भिंतीपासून लांब हवा, कोपऱ्यात नको, पोकळ फळीवर नको. थोडक्यात बुकशेल्फवर सोडून कुठेही चालेल.

"मग याला स्टँड लागतील," मी जेवताना जरा हळूच म्हणालो.

"केवढ्याला?"

"स्पीकरच्या निम्म्यापेक्षा कमीच."

हे खरं होतं. अठरा हजारांचे स्पीकर आणि साडेसात हजारांचे स्टँड. बायको एवढंच म्हणाली, "घोड्यापेक्षा नाल महाग नाही, एवढंच नशीब." मी तो होकार समजलो.

स्टँड निवडायला सोपा असेल, असा माझा समज होता. एक खांब, वर पाट, खाली पाट. पण उंची? सगळ्यात बारीक आवाज ज्यातून येतात तो वरचा छोटा गोल, म्हणजे ट्विटर, ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीला हवा. खर्ज खोलीभर पसरतो, त्याला दिशेचं सोयरसुतक नसतं. बारीक आवाज मात्र टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. तेव्हा माझा कान जमिनीपासून किती उंच आहे, हे मोजायची वेळ आली. मी सोफ्यावर बसलो, बायकोने शिलाईच्या डब्यातली टेप काढली.

"साडेसदतीस इंच."

"लिही."

"थांब. तू गाणं ऐकताना असा ताठ बसलेला मी लग्नापासून बघितलेला नाही. नेहमीसारखा बस."

मी नेहमीसारखा बसलो. कान चौतीस इंचांवर आला. रविवारी जेवणानंतर पुन्हा मोजला, तेव्हा तो एकतीस इंचांवर होता आणि मी घोरत होतो. शेवटी ताठ कणा आणि वामकुक्षी यांच्यात तडजोड होऊन चोवीस इंची स्टँड मागवले. त्यावर स्पीकरचे तळापासून ट्विटरपर्यंतचे दहा इंच धरले की चौतीस. बाजारात बहुतेक स्टँड चोवीस इंचांचेच असतात, हे नंतर लक्षात आलं. म्हणजे माझ्याआधी बऱ्याच जणांच्या बायकांनी टेप काढली असणार.

खोकं आलं श्रावणात. आत दोन काळे चौकोनी पोकळ खांब, चार पाट, आठ टोकदार खिळे, बोल्टांची पिशवी, ते पिळायची षटकोनी ॲलन-की आणि एक कागद. कागदावर एक अक्षर नव्हतं, नुसती चित्रं. चित्रातला माणूस हसत होता. त्याने वरचा पाट कुठला आणि खालचा कुठला हे कसं ओळखलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मी पहिला स्टँड तासाभरात उभा केला. चार खिळे छताकडे तोंड करून, शरपंजरी स्पीकर निजवायची सोय केल्यासारखे. मग सगळं उसवलं.

बोल्ट बारा हवे होते, निघाले अकरा. पिशवी झटकली, खोकं झटकलं, सोफ्याखाली झाडू घातला. तिथे आईचा हरवलेला चष्मा सापडला, बोल्ट नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"सहा एमेमचा ॲलन बोल्ट द्या."

"लांबी?"

लांबी मी मोजलेली नव्हती. माणसाने बोहरी आळीत लांबी न मोजता जाऊ नये. दोन बोटं लांब करून दाखवली. दुकानदाराने माझ्या बोटांकडे आणि मग माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

"सुटा मिळत नाही. डझन न्या."

बारा बोल्ट घेऊन घरी आलो. ते तीन धागे लांब होते. तेव्हा 'अकरा बोल्टांवर कुणाचं काय अडलंय' असा विचार केला. हा विचार पुढे महागात पडला.

आता वाळू. खांब पोकळ असला की तो स्पीकरबरोबर घंटेसारखा घुमतो. बोटाने टिचकी मारून बघावी, लगेच टणत्कार येतो. म्हणून त्यात कोरडी वाळू भरतात. कणांवर कण घासून थरथर जिरते आणि खांब जड होऊन पाय रोवतो. माझ्या हिशेबाने एका खांबात पाच किलो. समोरच्या बांधकामावर वॉचमनकडे गेलो.

"दहा किलो वाळू पाहिजे होती."

"फरशी बसवायचीय?"

"नाही, स्पीकरच्या स्टँडमध्ये भरायचीय."

"स्पीकर बिघडलाय का साहेब?"

त्याने बादली भरून दिली, पैसे घेतले नाहीत. दुःखातल्या माणसाकडून घेत नाहीत, त्या चालीवर.

वाळू धुतली. गच्चीवर जुन्या चादरीवर पसरली आणि अर्ध्या तासात सर आली. पुन्हा पसरली, ऊन पडलं, मी खूश. संध्याकाळी गुंडाळायला गेलो तर सोसायटीच्या मांजरीने वाळूचा तिच्या परीने उपयोग केलेला होता. पुन्हा धुतली. ओली भरली तर पोलादाला आतून गंज लागणार, आणि श्रावणाच्या उन्हाचा भरवसा नाही. राहता राहिला गॅस. माळ्यावरची जुनी लोखंडी कढई काढली आणि रात्री साडेनवाला वाळू भाजायला घेतली.

ओली वाळू आधी चिखलासारखी उलथन्याला चिकटते. मग तिच्यातून वाफ निघते आणि पहिल्या पावसाचा वास घरभर होतो. मग एकाएकी ती मोकळी होते, रवा होतो तशी, आणि उलथनं फिरवलं की सळसळते. मी तल्लीन झालो होतो. आई पाणी प्यायला आत आली, कढईत डोकावली आणि म्हणाली, "मंद आचेवर भाज. तळाला लागेल."

नरसाळ्याने दोन्ही खांब भरले, टिचकी मारली. टणत्कार गेला होता, 'ठप' असा भरल्या पोटाचा आवाज आला. रात्री एक वाजता मी स्वतःवरच खूश होऊन झोपलो. सकाळी उठून पाहतो तर दिवाणखान्यात वाळूची बारीक रांगोळी. बाराव्या बोल्टाचं भोक! तिथे एम-सील थापलं आणि वर काळं रंगवलं. आता मी दाखवल्याशिवाय दिसत नाही. मी सगळ्यांना दाखवतो.

खिळ्यांचं प्रकरण वेगळंच. ते गालिच्यातून आरपार जाऊन खालच्या जमिनीला टेकावेत यासाठी असतात. आमच्याकडे गुळगुळीत टाइल्स, तिथे ते फक्त ओरखडे काढणार. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक खिळ्याखाली एक रुपयाचं नाणं. मी आठ नाणी मांडली. आईने पाहिलं मात्र, "लक्ष्मीला असं टोचून पायाखाली ठेवतात?" नाणी गेली, खिळे गेले, रबराचे पाय आले.

जागा ठरवायला तीन रविवार गेले. दोन स्पीकर आणि माझं डोकं यांचा समभुज त्रिकोण, मग दोघांची तोंडं किंचित माझ्याकडे वळवलेली. जागा सापडली, तेव्हाचं सांगतो. तानपुरे दोन होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मधे, जिथे आमचा टीव्ही आहे तिथे, गवई मांडी घालून बसलेला. मी बायकोला हाक मारली. ती माझ्या जागी बसली, डोळे मिटले, पाच मिनिटं उठली नाही. मग म्हणाली, "खोकला आला त्याला. मधेच." याहून मोठी पावती मला नको होती.

ती जागा हरवू नये म्हणून मी तिच्याच टिकल्यांच्या पाकिटातून आठ टिकल्या काढून जमिनीवर खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी कामवाल्या मावशींनी त्या नखाने खरवडून काढल्या. "दादा, कुणाच्या टिकल्या पडल्या होत्या, सगळ्या काढल्या बघा." पुन्हा लावल्या. पुन्हा काढल्या. आमचं हे बरेच दिवस चाललं.

आणि भाद्रपद आला. गौरी-आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी माळ्यावरून गौरींचे स्टँड काढले, तर एकाचं वेल्डिंग तुटलेलं. पत्र्याच्या कोठ्या, मुखवटे, साड्या सगळं तयार आणि उभं कशावर करायचं? आईची नजर फिरत फिरत दिवाणखान्यात आली.

"हे किती उंच आहेत?"

"चोवीस इंच," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

"जोडीच आहे. ते तुझे भोंगे उतरव. आणि वरचं ते च्युइंगम काढ."

तो ब्लू-टॅक होता, स्पीकर पाटावरून घसरू नये म्हणून लावायचा चिकट गोळा. काढला. पाटावर कोठ्या सुतळीने आवळल्या, साड्या नेसवल्या. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन झालं, संध्याकाळी हळदीकुंकवाला घर भरलं. बहिणीचा चार वर्षांचा धाकटा आरतीच्या गडबडीत धावत आला तो थेट डाव्या गौरीवर. सगळ्यांनी श्वास रोखला. पोराला टेंगूळ आलं. गौर जागची हलली नाही.

"दरवर्षी धाकधूक असते मला," आई शेजारच्या काकूंना सांगत होती. "यंदा वाळू भरून घेतलीय. भाजून."

मूळ नक्षत्रावर विसर्जन झालं, स्पीकर परत वर गेले. पाटावरचं कुंकू पुसलं तरी थोडं राहिलंच. पुढच्या वर्षी अदलाबदल नको म्हणून आईने खालच्या पाटांना मागून खडूने नावं घातली आहेत. मावशी ती पुसत नाहीत, तेव्हा खुणेचा प्रश्नही मिटला. परवा रात्री ख्याल लावला होता. गवई टीव्हीपासून जरा उजवीकडे सरकल्यासारखा वाटला. मी तसं म्हणालो, तर बायकोने पुस्तकातून डोकं वर न काढता सांगितलं,

"कनिष्ठा पुढे आलीय. मागे घे."