हॉरफर्डचे ५७ लाख आणि धोनीचे ४ कोटी

ठाण्याचा माझा मामेभाऊ मुंबई इंडियन्सचा कट्टर पाठीराखा आहे. त्याची आणि माझी रविवारी सकाळी (त्याच्याकडे तेव्हा संध्याकाळ झालेली असते) फोनवर जी वादावादी चालते, तिचा गेल्या वर्षभराचा विषय एकच आहे: वय झालेल्या, पण लोकांच्या गळ्यातला ताईत असलेल्या खेळाडूला संघाने किती किंमत मोजून ठेवावे? त्याच्या बाजूने रोहित आणि धोनी असतात, माझ्या बाजूने बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाचा अल हॉरफर्ड. मी बॉस्टनच्या उपनगरात चौदा वर्षे राहतो आहे, त्यामुळे हा संघ आता माझाही झाला आहे.

हॉरफर्ड मूळचा डॉमिनिकन रिपब्लिकचा. सेल्टिक्सने जून २०२४ मध्ये अठरावे विजेतेपद मिळवले, तेव्हा तो नुकताच ३८ वर्षांचा झाला होता आणि ते त्याचे पहिलेच विजेतेपद होते. वर्षभरात चित्र पालटले. मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कविरुद्धच्या सामन्यात संघाचा मुख्य खेळाडू जेसन टेटम याच्या पायाचा अकिलीस स्नायुबंध तुटला, पुढचा हंगाम हातचा गेल्यासारखा झाला आणि संघाने जरू हॉलिडे व क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस यांना दुसऱ्या संघांकडे पाठवून पगाराचा डोंगर उतरवायला घेतला. हॉरफर्डचा करार त्याच उन्हाळ्यात संपला आणि नव्या हंगामाच्या तोंडावर तो सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे गेला, वर्षाला सुमारे ५७ लाख डॉलरवर.

"ज्यांनी ६१० कोटी डॉलर मोजून संघ घेतला, त्यांना ५७ लाख जड झाले?" हा भावाचा प्रश्न. ऐकायला बिनतोड वाटतो, म्हणून त्या दिवशी मी औषधाच्या दुकानाच्या हातभर लांब पावतीच्या मागच्या बाजूला त्याच्यासाठी हिशेब मांडला.

आयपीएलमध्ये खेळाडू घेण्यासाठीची थैली बांधलेली असते. २०२५ च्या लिलावासाठी ती १२० कोटी रुपयांची होती; त्यापुढे एक रुपयाही नाही, मग मालक कितीही गडगंज असो. एनबीएची, म्हणजे सेल्टिक्स खेळतात त्या बास्केटबॉल लीगची, वेतनमर्यादा मात्र मऊ आहे. आपल्याच खेळाडूंना पुन्हा करारबद्ध करताना ती ओलांडता येते, पण २०२५-२६ साठी ठरलेली १८ कोटी ७९ लाख डॉलरची रेषा पार केली की लक्झरी टॅक्स सुरू होतो. हा कर टप्प्याटप्प्याने चढतो आणि आधीच्या चारपैकी तीन हंगामांत तो भरलेल्या संघाला दर आणखी चढा लागतो. सेल्टिक्सने तो लागोपाठ तीन वर्षे भरला होता, त्यामुळे त्यांच्यासाठी पहिल्या टप्प्यात डॉलरमागे ३ डॉलर, दुसऱ्यात सव्वातीन, तिसऱ्यात साडेपाच आणि चौथ्यात पावणेसात असा दर होता. प्रत्येक टप्पा सुमारे ५७ लाखांचा. समजा असा संघ रेषेच्या १ कोटी २० लाख डॉलर वर आहे आणि त्याने हॉरफर्डला ५७ लाख दिले. त्या एका सहीवर ३ कोटी २० लाखांच्या आसपास कर बसतो. म्हणजे पगार आणि कर मिळून पावणेचार कोटी डॉलरच्या पुढे, तेही ३९ वर्षांच्या राखीव फळीतल्या खेळाडूसाठी आणि मुख्य खेळाडू जायबंदी असलेल्या वर्षी. मालकाच्या जागी मी असतो तर मीही सही केली नसती. गार्डनमध्ये, म्हणजे सेल्टिक्सच्या घरच्या मैदानात, हॉरफर्डचा ४२ क्रमांकाचा जर्सी घालून बसणाऱ्यांना हे आवडणार नाही. माझ्या मुलीलाही आवडलेले नाही.

ज्येष्ठांसाठी एनबीएने एक खिडकी ठेवली आहे, हे खरे. दहा वर्षांहून अधिक अनुभव असलेल्याने एका वर्षासाठी किमान वेतन स्वीकारले, तर २०२५-२६ मध्ये त्याला सुमारे ३६ लाख मिळत होते, पण संघाच्या हिशेबात २३ लाखच धरले जात होते; वरचे लीग भरते. पण त्या २३ लाखांवरही साडेपाच पटीने कर चढतोच, म्हणजे आणखी सव्वा कोटी. खिडकी उघडी आहे, पण बाहेर गज आहेत.

भावाचे उत्तर तयार होते: "आम्ही धोनीसाठी सरळ दारच पाडले." पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्याला 'अनकॅप्ड' (देशाकडून कधीच न खेळलेला, म्हणून स्वस्तात राखता येणारा) मानण्याचा जुना नियम २०२४ मध्ये पुन्हा आणला गेला, आणि २०२२ साठी १२ कोटींना राखलेला धोनी चेन्नईला ४ कोटींत मिळाला. एका माणसासाठी नियम वाकवला, अशी टीका तेव्हा झाली आणि ती मला रास्त वाटते. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: तिथे लोकांच्या मायेची किंमत स्वतः खेळाडूने मोजली, आठ कोटी सोडून. इथे ती मालकाने मोजायची असते, आणि त्याने नाही म्हटले की खेळाडू तीन हजार मैलांवर सॅन फ्रान्सिस्कोला जातो. रोहितचे प्रकरण तर तिसऱ्याच जातीचे. मुंबईने त्याला १६ कोटी ३० लाखांना राखले, त्याआधीच कर्णधारपद काढून घेतले होते, आणि वानखेडेवर हार्दिकची हुर्यो उडवणाऱ्यांत माझा भाऊही होता. त्या वादात पैसा हा मुद्दाच नव्हता.

दोन्हीकडचे पाहून मला वाटते, कराचा धाक राहू द्यावा. तो नसता तर दोन-तीन श्रीमंत संघांनीच सगळे चांगले खेळाडू गोळा केले असते. पण पस्तिशी ओलांडलेला खेळाडू सलग चार हंगाम त्याच संघात असेल आणि किमान वेतनावर राहायला तयार असेल, तर त्याचा पगार करातून पूर्ण वगळावा. सलग चार हंगामांच्या अटीमुळे बाहेरचे म्हातारे तारे स्वस्तात जमवण्याचा मार्ग बंद राहील. २०२१ ला परतलेला हॉरफर्ड या अटीत बसला असता. किमान वेतनावर तो राहिला असता का, हे भावाने विचारलेच. वॉरियर्सने देऊ केलेल्या पगारापेक्षा ते वीस-एकवीस लाख डॉलरने कमी होते. बहुधा नसता राहिला. पण तेव्हा निर्णय त्याचा झाला असता, टॅक्सच्या टप्प्यांचा नव्हे.