एकादशीला चूल कोण पेटवतं?

आषाढी जवळ आली की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटतो. चुलतभाऊ म्हणतो, साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, तो खाऊन कसला उपवास? काका म्हणतात, शास्त्रात साबुदाणा आहेच कुठे! मग कुणीतरी ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ टाकतं. बारा वर्षं मी हे जर्मनीत, कोलोनमध्ये बसून वाचते आहे.

दोघंही चूक नाहीत. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो, त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. खिचडीला काय बळ असतं ते दाण्याच्या कुटाचं. आणि कसावाच कशाला, शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची हे सगळंच अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेलं. पण म्हणून आजीने श्रद्धेने केलेली खिचडी खोटी ठरत नाही. एका घरात जिरं चालतं, दुसऱ्या घरात चालत नाही. ज्या त्या घराने आपला नेम ठरवला आणि तो पाळला. हे पाळणं मला महत्त्वाचं वाटतं.

इथे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत ख्रिस्ती लोकांचा उपासाचा काळ असतो. माझी एक सहकारी त्या दिवसांत वाइन आणि चॉकलेट सोडते. एकदा तिने विचारलं, ‘तुम्ही काय सोडता?’ मी सांगितलं, गहू, तांदूळ, डाळी. तिचा पुढचा प्रश्न साधा होता : ‘आणि त्या दिवशी करता काय?’

मला आई आठवली. एकादशीला आमच्याकडे दोन स्वयंपाक व्हायचे. आदल्या रात्री साबुदाणा भिजत घालायचा, दाणे भाजून कूट करायचं. सकाळी खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. शिवाय उपवास न करणाऱ्यांसाठी पोळी-भाजी, वरण-भात वेगळा. आईचा उपवास कडक, आणि वर्षातला सगळ्यात जास्त राबण्याचा दिवसही तोच. हरिपाठाला ती बसायची तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असायचे आणि डोळे मिटत असायचे.

उपवास म्हणजे जवळ राहणं, देवाजवळ बसणं, असं आपण सांगतो. मग ज्या बाईने दिवस ओट्याशी उभं राहून काढला, ती कुणाजवळ राहिली? आमच्या ग्रुपवर ताटात काय असावं यावर इतकं बोललं जातं, पण ते ताट वाढणाऱ्या बाईबद्दल एक ओळ येत नाही. याचा मला राग येतो. दुप्पट खाण्याचा टोमणा तर तिलाही ऐकावा लागतो, जिने दुप्पट रांधलेलं असतं.

परदेशात माझ्यावर हे ओझं पडलं नाही, कारण इथे तशी अपेक्षा करणारंच कुणी नव्हतं. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटायचं. थाई दुकानातले साबुदाण्याचे मोती भिजवले तर त्यांची खळ झाली. पुढे सोपं केलं : दूध, फळं, उकडलेली रताळी. रताळी आदल्या दिवशी नवरा उकडून ठेवतो. ज्याला वेगळं हवं, त्याने ते स्वतः करून घ्यायचं. मुलांनाही हे ठाऊक आहे.

तिकडे हे अवघड आहे, हे मी जाणते. तिथे सासूबाई असतात, पाहुणे असतात, डब्याची घाई असते. तरी वर्षातल्या चोवीस एकादश्यांपैकी निदान आषाढी-कार्तिकीला घरातल्या पुरुषांनी ओटा ताब्यात घ्यावा, नाहीतर तो बंद ठेवावा. साबुदाणा चालतो की नाही, हे त्यानंतर निवांत ठरवू.

२०२५ ची आषाढी ६ जुलैला, रविवारी आली. आई तेव्हा इथे होती. सकाळी उठून सवयीने तिने विचारलं, ‘काय काय करायचंय गं?’

‘काही नाही आई. रताळी उकडलेली आहेत.’

ती जरा वेळ स्वयंपाकघरातच घुटमळली. मग खिडकीपाशी येऊन बसली. इथे त्या दिवसांत रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो. दिवेलागण न झालेल्या त्या संध्याकाळी तिने हरिपाठ म्हटला, सावकाश, एकही अभंग न गाळता.