नाकावर मास्क, तोंडात ड्रिल

लाफिंग गॅस द्यायचा ठरला की खुर्चीतला माणूस पहिल्यांदा विचारतो, "म्हणजे मी हसत सुटणार का?" आणि मग आवाज खाली आणून खरा प्रश्न विचारतो, "भलतंसलतं काही बोललो तर?" आम्हा दंतवैद्यांना या दुसऱ्या प्रश्नाची फार गंमत वाटते. तोंडात आरसा, थुंकी ओढणारी नळी, कापसाच्या दोन गुंडाळ्या आणि आमची बोटं असताना माणूस कोणतं गुपित फोडणार? "आँ" आणि "ऊं" यापुढे मजल जात नाही.

हसू येतंच असं नाही. बहुतेकांना हातापायांच्या बोटांत मुंग्या येतात, ओठांभोवती बधिर वाटतं, अंगात ऊब पसरते, हातपाय जड होतात आणि आमचं बोलणं शेजारच्या खोलीतून यावं तसं ऐकू येतं. हसणारे असतात, पण थोडे. आणि तेही कशाला हसलो ते सांगू शकत नाहीत. या नायट्रस ऑक्साइडचं खरं काम निराळंच आहे. तो माणसाला बेफिकीर करतो. ड्रिल ऐकू येतंय, दाढेत काहीतरी चाललंय हेही कळतंय, पण त्याचं एवढं काय? खुर्चीचा हात आवळून धरलेली बोटं आपोआप सैल पडली की मात्रा बरोबर बसली असं आम्ही समजतो. तोंडदेखल्या "मी ठीक आहे"पेक्षा बोटांवर माझा जास्त विश्वास आहे.

सुरुवात मात्र नुसत्या ऑक्सिजनने होते. नाकावर बेतशीर बसणारा मास्क ठेवायचा, मोठ्या माणसाला मिनिटाला पाच-सहा लिटर प्रवाह सोडायचा आणि यंत्राला लटकणाऱ्या रबरी पिशवीकडे बघायचं. ती तट्ट फुगली तर प्रवाह जास्त, चिपकली तर कमी. श्वासागणिक सावकाश हलत राहिली तर योग्य. मग वायूचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवायचं, प्रत्येक टप्प्यावर एखादं मिनिट थांबून, "आता कसं वाटतंय" विचारत. बहुतेकांचं 30 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान भागतं. 70च्या वर यंत्र देतच नाही, आणि ऑक्सिजन संपला तर वायूही आपला आपण बंद होतो. मास्कला आणखी एक नळी असते, ती उच्छ्वास ओढून घेते, मिनिटाला सुमारे 45 लिटर. ही सोय आमच्यासाठी. मास्क ढिला बसला की वायू वर जाऊन पेशंटचे डोळे चुरचुरतात आणि उरलेला आमच्या नाकात शिरतो. खुर्चीत बेफिकीर माणूस असलेला चालतो, ड्रिल धरणारा नाही.

सिलिंडर हा एक स्वतंत्र लबाड प्राणी आहे. आत वायू द्रवरूपात असतो, त्यामुळे द्रवाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत दाबाचा काटा जागचा हलत नाही. मग एकदम घसरतो. किती उरलंय हे कळायला सिलिंडर वजनावर ठेवावा लागतो. काट्यावर भरवसा ठेवणाऱ्याचा वायू हमखास अर्ध्या रूट कॅनलमध्ये संपतो.

सगळ्यात अवघड पेशंट म्हणजे बोलका. वायू नाकावाटे येतो, आणि हा गृहस्थ तोंडाने श्वास घेत आपल्या जुन्या दातांचा सविस्तर इतिहास सांगत असतो. प्रत्येक वाक्याबरोबर साधी हवा आत जाते, मात्रा पातळ होते आणि दहा मिनिटांनी तोच तक्रार करतो, "मला काहीच होत नाहीये, जरा वाढवा." वाढवायचं नसतं, गप्प बसवायचं असतं. सर्दीने नाक चोंदलेल्याचंही तेच. त्याला सरळ पुढची तारीख द्यावी.

"गॅस दिलाय ना, मग इंजेक्शन कशाला?" हाही ठरलेला प्रश्न. नुसत्या या वायूने शस्त्रक्रियेपुरतं बेशुद्ध करायचं म्हटलं तर साध्या हवेच्या दाबाला 100 टक्क्यांहून थोडी जास्तच मात्रा लागते. म्हणजे ऑक्सिजनला जागाच उरत नाही. म्हणून दाढ बधिर करायला सुई, आणि त्या सुईची धास्ती घालवायला वायू, अशी कामाची वाटणी आहे.

ही मर्यादा नीट उमगायला बराच काळ गेला. 1799 साली इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने हा वायू स्वतःवर मनसोक्त करून पाहिला, अक्कलदाढेचं दुखणं त्याने कमी झाल्याचं नोंदवलं आणि शस्त्रक्रियेत उपयोग होईल असं 1800 साली छापूनही टाकलं. लोकांनी त्यातली गंमत तेवढी उचलली. पुढची चार दशकं वायू करमणुकीच्या खेळांत आणि दुखऱ्या दाढा होत्या तिथेच! 1844च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने अशाच एका खेळात पायाला जखम होऊनही न कळलेला माणूस पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी वायू घेऊन स्वतःची दाढ काढवून घेतली. लगेच पुढच्या महिन्यात बोस्टनला जाहीर प्रयोग केला, तेव्हा पेशंट ओरडला आणि जमलेल्यांनी वेल्सची हुर्यो उडवली. मला तो बिचारा फार जवळचा वाटतो. पेशंटने भरल्या खोलीत ओरडावं, यासारखी जाहिरात नाही.

मात्रा जास्त झाली की गंमत ओसरते. घाम फुटतो, मळमळतं, उत्तरं असंबद्ध येतात, सांगूनही तोंड मिटत राहतं. प्रमाण कमी केलं की दोन-तीन मिनिटांत गाडी रुळावर येते, कारण हा वायू रक्तात फारसा विरघळत नाही. येतो झटकन, जातो झटकन. जाताना तो रक्तातून फुप्फुसांत इतक्या घाईने उतरतो की तिथला ऑक्सिजन पातळ होतो. म्हणून शेवटी पाचेक मिनिटं शुद्ध ऑक्सिजन. "झालं ना, मग मास्क काढा की" म्हणणाऱ्याने ही पाच मिनिटं निमूट काढावीत, नाहीतर डोकं धरून घरी जावं लागतं.

काहींना मात्र हा द्यायचाच नाही. शरीरात कुठे हवा कोंडली असेल तर हा तिथे शिरून ती फुगवतो. म्हणून छातीत हवा साठलेली, आतडं अडलेलं, पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला, अशांनी आधी सांगावं. गरोदरपणाचे पहिले महिने आणि ब-12ची कमतरताही सांगावी. हा वायू ब-12 निकामी करतो. खुर्चीतल्या तासाभराने निरोगी माणसाचं काही बिघडत नाही, पण फेटलेल्या क्रीमसाठीच्या छोट्या नळकांड्या फुग्यात भरून रोज ओढणाऱ्यांच्या मज्जारज्जूला इजा होते, पाय बधिर होतात, चालताना तोल जातो. क्रीममध्ये तो स्निग्धांशात विरघळून फेस करतो, तिथेच शोभतो.

प्रसूतीच्या खोलीत हाच वायू निम्म्या ऑक्सिजनात मिसळून देतात. तिथे मास्क बाईने स्वतः धरायचा असतो. कळ सुरू होतेय असं वाटताच ओढायला लागायचं, कारण गुण यायला अर्धं मिनिट तरी लागतं. कळ ऐन भरात आल्यावर ओढला तर आराम पडतो तो कळ ओसरल्यावर. गुंगी जास्त झाली की हात सैल पडून मास्क आपोआप बाजूला होतो, हीच यातली सुरक्षा. त्यामुळे मदतीच्या उत्साहात नवऱ्याने तो बायकोच्या तोंडावर दाबून धरायचा नाही. स्वतःही ओढून बघायचा नाही. त्याच्यासाठी बाजूला खुर्ची ठेवलेली असते.